पेन्सिलीआधीचा हात

जानेवारी संपत आला की बालवाडीच्या दारातली चौकशी बदलते. दिवाळीपर्यंत पालक विचारतात, डबा संपवला का, रडली का, कुणी मारलं तर नाही ना. संक्रांत झाली की एकच प्रश्न उरतो, "ताई, पहिलीची तयारी कुठवर आली?" विचारणाऱ्या आईच्या हातात बहुतेक वेळा फोन असतो आणि फोनवर शेजारच्या मुलीच्या वहीचा फोटो. एक ते शंभर आकडे, ए ते झेड, वर लाल शाईचा तारा. "ही आमच्या हिच्याहून दोन महिन्यांनी लहान आहे हो," असंही पाठोपाठ येतं.

मला त्या आईचा राग येत नाही. तिला कुणीतरी घाबरवलेलं असतं. मुलाच्या मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ वयाच्या सहा वर्षांच्या आत होते, असं २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलं आहे. धोरणाने ते लिहिलं ते तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळ, गोष्टी, गाणी, हाताची कामं मिळावीत म्हणून. जाहिरातींनी त्यातला आकडा तेवढा उचलला. आईला त्यातून ऐकू येतं ते एवढंच, की घाई करा, वेळ निघून चाललाय.

माझं म्हणणं असं आहे की पहिलीची तयारी आधी हातात होते. वहीत ती दिसते सगळ्यात शेवटी. आणि ज्या मुलाच्या हाताला पुरेसा वेळ मिळाला, त्याच्या वहीची काळजी करायची वेळ सहसा येत नाही.

आमच्या बालवाडीत दट्ट्यांच्या पेट्या आहेत. लाकडाचा लांबट ठोकळा, त्यात दहा भोकं, प्रत्येक भोकात बसणारा एक दट्ट्या आणि दट्ट्याच्या डोक्यावर छोटीशी घुंडी. असे चार ठोकळे असतात. एकात फक्त जाडी बदलत जाते, एकात फक्त उंची, उरलेल्या दोघांत दोन्ही. दहाही दट्टे बाहेर काढायचे, मिसळायचे आणि पुन्हा आपापल्या जागी बसवायचे. बघणाऱ्याला वाटतं, हे काय काम झालं!

परवा एक मुलगा सतरंजीवर पेटी घेऊन बसला होता. वय चारच्या आसपास. घाईघाईत त्याने एक बारीक दट्ट्या मोठ्या भोकात टाकला. तो आत जाऊन सैल हलत राहिला, पण गेला तर खरा. मग पुढचे. शेवटी हातात एक जाडा दट्ट्या उरला आणि समोर उरलं एक बारीक भोक. त्याने जोर लावून पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या मुलीच्या वेणीचं रबर नीट करत होते, ते करत राहिले. चूक दाखवायचं काम लाकडाने केलंच होतं, त्यात माझी भर कशाला? थोड्या वेळाने त्याने एका भोकाच्या कडेवरून बोट गोल फिरवलं, मग दट्ट्याच्या बुडावरून फिरवलं. तीन दट्टे बाहेर काढले. अदलाबदल केली. सगळे बसले. आणि लगेच दहाही पुन्हा बाहेर काढून त्याने पहिल्यापासून सुरुवात केली. हात धुवायला रांग लागली, तरी तो उठला नाही. आम्ही त्याला उठवलंही नाही.

आता त्याचा फक्त हात पाहा. घुंडी पकडायला अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढीच तीन बोटं लागतात. मुठीत ती येतच नाही. एका फेरीत दहादा काढायचं, दहादा बसवायचं. ही पकड पेन्सिलीची आहे. पेन्सिल न देता, रेघ न आखता, "नीट धर" असं एकदाही न म्हणता तो मुलगा ती पकड घटवून घेत होता. ही पेटी ज्यांच्या शिक्षणपद्धतीतली, त्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी शिकलेल्या डॉक्टर होत्या. त्या घुंड्या तिथे शोभेसाठी आलेल्या नाहीत.

लहान मुलाच्या मनगटाबद्दल प्रत्येक पालकाला माहीत असावं असं मला फार वाटतं. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर त्यात ती दिसत नाहीत, कारण तिथे तेव्हा मऊ कूर्चा असते. मग एकेक हाड कठीण होत जातं. दोन पहिल्या वर्षातच, बरीचशी तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान, आणि शेवटचं तर आठव्या वर्षाच्याही पुढे. साडेतीन वर्षांच्या पोराला पान-पान "क" गिरवायला बसवलं की ते खांद्यापासून अख्खा हात आखडून लिहितं, जीभ बाहेर काढतं, पेन्सिल मुठीत धरतं आणि कागद फाडतं. मग घरात सगळे म्हणतात, याला अभ्यासाचा कंटाळा आहे. कंटाळा कसला, हात दुखतो त्याचा.

म्हणून आमच्याकडे पाणी ओतायचं काम असतं, एका पेल्यातून दुसऱ्यात. मूग चमच्याने या वाटीतून त्या वाटीत. स्पंज पिळणं, रुमालाच्या घड्या घालणं, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाची बटणं लावणं-काढणं, केळ्याचे काप करणं. घरी तर याहून चांगलं साहित्य असतं. थंडीत बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये पापडीच्या आणि तुवेरीच्या, म्हणजे तुरीच्या, शेंगांचे ढीग लागतात. प्रत्येक घरात उंधियूची तयारी असते आणि आजी परात घेऊन शेंगा सोलायला बसते. नातवाला शेजारी बसवा. शेंगेच्या शिरेवर अंगठ्याचं नख रुतवायचं, दोन बोटांनी दाबून ती फोडायची, दाणा निसटू न देता वाटीत टाकायचा. चिमटीत ताकद येते, डोळा आणि हात एकत्र चालतात, शिवाय वाटी भरेपर्यंत एका जागी बसणं होतं. एका आजींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो ताई, हे तर आम्ही सगळेच करत होतो. याला काय शाळा लागते?" नाही लागत, आजी. पण आता दाणे सोललेले, पिशवीत भरलेले मिळतात आणि मुलगा तेवढा वेळ फोन पाहत बसतो. म्हणून शाळा लागते.

अक्षरांचं काय, हा प्रश्न येतोच. अक्षरं असतात, आणि पालकांना वाटतं त्याहून लवकर असतात. पाटीवर खरखरीत कागदाचं अक्षर चिकटवलेलं असतं. मूल पहिल्या दोन बोटांनी त्यावरून लिहिण्याच्या दिशेने फिरतं आणि तोंडाने उच्चार करतं. बोट घसरून गुळगुळीत भागावर गेलं की त्याचं त्यालाच कळतं. दुसऱ्या बाजूला सुटी अक्षरं असतात, खोक्यात कप्पे करून ठेवलेली, आणि मात्रा, वेलांट्या, उकार वेगळे. ज्या मुलाला अजून पेन्सिल धरता येत नाही, ते या सुट्या अक्षरांनी सतरंजीवर शब्द मांडू शकतं. डोक्यातली तयारी आणि हातातली तयारी वेगवेगळ्या वेगाने चालतात, हे मॉन्टेसरींनी ओळखलं आणि एकीसाठी दुसरीला थांबवून ठेवलं नाही. मला त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोठं वाटतं.

आपल्या लिपीत एक गंमत होते, ती इटलीत होणार नाही. एक मुलगी "दिवा" मांडत होती. तिने कानाने ऐकलं, आधी "द", मग "इ". म्हणून आधी द ठेवला आणि त्याच्या पुढे वेलांटी ठेवली. मग वा. वाचून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या, कारण भिंतीवरच्या चित्राखाली तसं नव्हतं. ती उठून चित्रापाशी गेली, बघून आली, वेलांटी उचलून द च्या आधी ठेवली आणि मला म्हणाली, "ताई, ही नंतर बोलायची पण आधी बसवायची." पुढचे काही दिवस तिला असलेच शब्द हवे होते. पिवळा, चिमणी, किल्ला. खडूने फळ्यावर "ऱ्हस्व वेलांटी" शिकवून मला तिच्या तोंडून असं वाक्य कधीच काढता आलं नसतं. वहीत ते वाक्य सापडणार नाही. तिच्या आईने वही उघडली तेव्हा ती कोरीच होती.

मॉन्टेसरींनी स्वतः एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यांचं पहिलं बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत सुरू झालं. डिसेंबरातल्या एका उन्हाच्या दिवशी त्या मुलांबरोबर गच्चीवर होत्या. पाच वर्षांच्या एका मुलाला त्यांनी खडू दिला आणि धुराड्याचं चित्र काढायला सांगितलं. त्याने चित्र काढलं, आणि मग तो एकदम ओरडायला लागला, मला लिहिता येतं, मला लिहिता येतं! गुडघ्यावर बसून त्याने फरशीवर पहिला शब्द लिहिला तो "हात". मग "धुराडं", मग "छप्पर". त्याला कुणी लिहायला बसवलं नव्हतं. बोटं खरखरीत अक्षरांवरून फिरली होती, मनगट आकृत्यांच्या कडांवरून फिरलं होतं, कान शब्द फोडायला शिकला होता. त्या दिवशी सगळं एकत्र आलं.

ती वस्ती मजुरांची होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. आज बडोद्यात मॉन्टेसरी म्हटलं की लोकांना जुन्या पादरा रोडकडच्या काचेच्या इमारती आणि तिथली फी आठवते. हे साहित्य आपल्यासाठी नाही, असं वाड्यातल्या आया गृहीत धरतात. पण गुजरातेत ही पद्धत रुजली ती वेगळ्याच वाटेने. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेचं बालमंदिर सुरू केलं. ते पेशाने वकील होते आणि लोक त्यांना प्रेमाने "मूछाळी मा", मिशीवाली आई म्हणत. त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या त्या आपल्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. पुढे ताराबाईंनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, नंतर अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि गुरांमागे कुरणातही गेली. तिथे रोमहून मागवलेले मणी कुठून येणार? बिया, पानं, शिंपले, खडे, बांबूचे तुकडे हेच साहित्य झालं. बडोद्यातल्या आमच्यासारख्या मराठी माणसाला ही गोष्ट जवळची वाटते. एक गुजराती वकील आणि एक मराठी बाई एकत्र बसून लहान मुलांचा विचार करतात, हे या शहरात आम्ही रोजच करत असतो.

शून्य शिकवायला आम्ही आइस्क्रीमच्या काड्या वापरतो. मूळ साहित्यात लाकडी चात्या असतात आणि शून्य ते नऊ असे कप्पे. एकच्या कप्प्यात एक काडी, दोनमध्ये दोन, असं करत नऊपर्यंत एकूण ४५ काड्या लागतात, आणि शून्याचा कप्पा रिकामा राहतो. मुलांना तो रिकामा ठेवणं जड जातं. एखादं मूल गुपचूप एक काडी तिथे टाकतं, आणि मग नवाच्या कप्प्याला एक कमी पडते. त्यानंतर आम्ही खेळतो. "तीन वेळा टाळ्या वाजवा." वाजतात. "दोन उड्या मारा." मारतात. "शून्य वेळा हसा." सगळे तोंड दाबून बसतात, कुणीतरी फिसकन हसतं आणि बाकीचे त्याला सांगतात, शून्य म्हणजे नाही हसायचं रे! गुजराती घरातली पोरंसुद्धा हे मराठीत सांगतात, आणि आमची पोरं भांडताना गुजरातीत भांडतात. घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि पुढच्या शाळेत इंग्रजी, असं आमच्या मुलांचं आहे. चार भाषा कानावर पडल्याने त्यांचं काही बिघडत नाही. बिघडतं ते चारही भाषा एकाच वर्षी वहीत उतरवायला लावल्याने.

पाटी कुणीही लावू शकतं, हे पालकांनी लक्षात ठेवावं. मॉन्टेसरी हे नाव कुणाच्या एकट्याच्या मालकीचं नाही. प्रवेश घेताना आत जाऊन बघा. साहित्य मुलांचा हात पोचेल अशा मांडणीवर आहे की कुलपातल्या कपाटात? तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं एकत्र आहेत का, की वयाप्रमाणे वर्ग पाडले आहेत? एका कामाला मूल किती वेळ बसू शकतं, की दर पंधरा मिनिटांनी घंटा होते? मोठी मुलगी लहानाच्या चपलेचा पट्टा लावून देताना दिसली तर माझ्या मते फी भरायला हरकत नाही.

वयाबद्दलही बोलायला हवं. सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात १८९३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केला. शिक्षणाची एवढी तळमळ असलेल्या त्या राजानेही सक्ती सात वर्षांपासून ठेवली होती. आता गुजरातमध्ये २०२३ पासून १ जूनला सहा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही, आणि त्याआधीच्या वर्षासाठी बालवाटिका आहे. नियम आला तेव्हा पालक फार चिडले होते, मुलाचं वर्ष फुकट गेलं म्हणून. मला तर तो नियम देवासारखा वाटला. हाताला, कानाला, जिभेला एक आख्खं वर्ष मिळालं! शिक्षण हक्काच्या कायद्यात, २००९ च्या, प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायलाही मनाई आहे. तरी पाच वर्षांच्या मुलाला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारणाऱ्या शाळा असतात, आणि आया त्यासाठी महिनाभर घोकंपट्टी करून घेतात. त्या खुर्चीत गप्प बसलेलं मूल मी पाहिलं आहे. घरी दिवसभर बडबडणारं ते मूल तिथे स्वतःचं नावही सांगत नव्हतं.

मग पहिलीत खरंच काय लागतं? आमच्याकडून गेलेल्या मुलांच्या आया जुलैत भेटतात तेव्हा अक्षरांची तक्रार फारशी कुणी करत नाही. डब्याचं झाकण उघडत नाही, म्हणून मुलगा उपाशी राहिला. चड्डीचं बटण निघत नव्हतं आणि बाईंना सांगायची लाज वाटली. पावसात रेनकोट काढून ठेवला, तो कुणी नेला ते सांगता आलं नाही. चाळीस मुलांना एकदम दिलेली सूचना आपल्यालाही आहे, हे कळलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत करायचंच असेल तर हे करावं. घट्ट झाकणाचा डबा रोज स्वतः उघडू द्यावा आणि सांडलेलं त्यालाच पुसू द्यावं. शू लागली, पाणी हवं, मला कळलं नाही, ही तीन वाक्यं शाळेच्या भाषेत सांगता यावीत. कमाटीबागेत घेऊन जावं, तिकिटाच्या रांगेत त्याला पुढे उभं करावं, पैसे त्याच्या हातात द्यावेत आणि तिकीट त्यालाच मागू द्यावं. मागे लोक खोळंबतील. खोळंबू देत.

आणि "मला येत नाही, दाखवा ना" हे म्हणता आलं पाहिजे. दट्ट्या अडकला तेव्हा तो मुलगा घाबरला नाही, कारण अडकण्यावरून त्याला आजवर कुणी रागावलेलं नव्हतं. पहिलीत तो अडकणारच आहे. तेव्हा त्याने बोट फिरवून पाहावं, आणि नाहीच जमलं तर विचारावं. ज्या मुलाच्या वहीतली प्रत्येक चूक लाल शाईने गोल केलेली असते, ते विचारायचं सोडतं आणि खोडरबर हातात धरून बसतं.

आमची बाजू आम्ही सांभाळतो, पण जूनमध्ये मूल ज्यांच्या वर्गात जातं त्यांच्याशी आमची ओळखच नसते. दरवर्षी शाळा प्रवेशोत्सव होतो, मुलांना ओवाळतात, दप्तर देतात, फार छान वाटतं. पहिलीसाठी पहिल्या तीन महिन्यांचा खेळातून शिकवण्याचा "विद्या प्रवेश" नावाचा कार्यक्रमही सरकारने आखून दिला आहे. पहिलीच्या बाईंनी तो मनावर घ्यावा. आमच्या बालवाडीपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर एक प्राथमिक शाळा आहे. यंदा फेब्रुवारीत तिथल्या बाईंना मी बोलावलं आहे. एक सकाळ येऊन कोपऱ्यात बसा, काही विचारू नका, नुसतं बघा, असं म्हटलं आहे. त्यांनी होकार दिला आणि विचारलं, "मुलांच्या वह्या बघायला मिळतील का?" मी सांगितलं, हो, पण आधी त्यांचे हात बघा.